डोकं मोडलेली कोळंबी

१२ जानेवारी १९८६, रविवार

जर्नल पुरं झालं! टी.वाय.ची झूऑलॉजी — सगळी चित्रं, सगळी लेबलं, शेवटच्या पानावर सरोजिनी बाईंची सही. सही करता करता बाई म्हणाल्या, "भोईर, रेषा जरा सरळ काढा हो." माझ्या रेषा कायम उजवीकडे चढतात. तळवली ते ठाणे बसमध्ये बसून काढल्यावर काय होणार!

घरी आणून आईला दाखवलं. तिनं नाक मुरडलं. "काशी, कसला ग यो घान वास?" फॉर्मालिनचा. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाशीचे सगळे सेक्टर फिरणारी बाई मला वासाचं सांगते!

आता तीन महिने. फर्स्ट क्लास पाहिजे. फर्स्ट क्लास मिळाला तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डी.एम.एल.टी. — रक्त, लघवी, थुंकी तपासायचं शिक्षण, एक वर्षाचं. नाही मिळाला तर... लिहीत नाही.

डॉक्टर व्हायचं होतं का? कोणी विचारलं की हो म्हणते, कारण लोकांना तेवढंच कळतं. खरं म्हणजे मला ती खिडकी हवी आहे. बाबांना कावीळ झाली तेव्हा ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस आम्ही व्हरांड्यात काढले. तिथं एक जाळीची खिडकी होती. आत चष्मा लावलेली बाई मायक्रोस्कोपवर वाकलेली असायची. मान वर करायची, चिठ्ठीवर काहीतरी लिहायची, चिठ्ठी खिडकीतून सरकवायची. डॉक्टर सगळ्यांवर ओरडायचे, पण त्या चिठ्ठीवर नाही. ती मुकाट्यानं वाचायचे. बाबा गेले ते गेले. त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. पण तीन वर्षं झाली, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसावंसं वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

दादूस, माझा थोरला भाऊ, न्हावा शेव्याहून आला. तिथं बंदरासाठी भराव घालताहेत, त्या कामावर आहे. आठवडाभर तिथंच झोपतो, शनिवारी रात्री येतो, रविवारी दुपारपर्यंत लोळतो आणि मला छळतो. "काय डाक्टरीन, किती उंदीर मारलेस?"

संध्याकाळी नाक्यावर दादूसचा दोस्त किसन भेटला. त्याला मागच्या वर्षी तळोज्याच्या कंपनीत लावलं. निळा युनिफॉर्म, छातीवर बिल्ला, पिवळं हेल्मेट. जमिनी गेल्या त्या घरांना सरकारनं घरटी एक दाखला दिलाय, प्रकल्पग्रस्तांचा. घरातल्या एकाच्या नावाचा. त्यावर किसनला नोकरी लागली. दादूसला कधीपासून कॉल येणार येणार चाललंय. किसननं विचारलं, "तुजं कुठं अरकलंय रं, गोटीराम?" दादूस म्हणाला, "साहेब बदली झाला ना. येल कॉल." आणि बोलता बोलता किसनचं हेल्मेट घेऊन स्वतःच्या डोक्यावर घातलं. काढेचना! किसननं दोनदा हात पुढे केला तेव्हा दिलं.

परत येताना मी म्हटलं, तुला शोभत होतं. तर एकदम उखडला. "तू तुज्या अभ्यासाचं बघ. मार्कांव जा कुठं जाशील ती. दाखल्याफाखल्याव नको." मी त्याच्या दाखल्यावर कशाला डोळा ठेवीन? मला काय तळोज्यात पाइप उचलायचे आहेत? घरी येईपर्यंत बोलले नाही त्याच्याशी.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रॅक्टिकलला कोळंबी. मज्जासंस्था काढायची — नर्व्हस सिस्टीम. पाठीचं कवच काढायचं, मांस हळूहळू बाजूला करायचं, मग तळाशी पांढरा धागा दिसतो, त्यावर गाठी. डोक्यात अन्ननळीभोवती त्याची अंगठी असते. ती अंगठी तुटली की सगळं गेलं. मार्क त्या अंगठीलाच.

माझी पार्टनर वैजयंती. वाशीला राहते, वडील सिडकोत क्लार्क. तिला कोळंबी धरताच येईना. काटा बोटात घुसला, किंचाळली. मी तिचा हात धरून दाखवलं, अशी उताणी धर, काट्यापासून लांब. तिला जमलं. माझी अंगठी तर वीस मिनिटांत उघडी! बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवली. "हात बघा भोईरचा. थरथर नाही." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताचं कोणी कौतुक केलं. घरी हातांचं कौतुक नसतं, हात असतातच.

वैजयंती नंतर म्हणाली, तुला काय, तुमच्या घरचंच आहे. चांगल्या मनानं म्हणाली. तरी लागलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज बस अर्धा तास उशिरा. कंपन्यांचा धूर. बाकी काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वैजयंतीबरोबर मुंबईला जाऊन हॉस्पिटल बघून आले. फॉर्म निकालानंतर मिळतील, पण आम्हाला आधीच बघायचं होतं. लॅब तळमजल्यावर. दार उघडं होतं. लांब टेबल, ओळीनं मायक्रोस्कोप, खिडकीतून ऊन पडलेलं. पांढऱ्या कोटातल्या सहा-सात मुली. एकीनं काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि दुसऱ्या काचेनं तो असा ओढला — एका झटक्यात, आईनं तव्यावर तेल फिरवावं तसा. मी बघतच राहिले. त्या मुलीनं विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, कोणी नाही. मला तुझी जागा पाहिजे, असं कसं म्हणणार?

वैजयंती म्हणाली, किती उकडतंय इथे. मला उकडलं नाही. मला तिथून निघावंसंच वाटत नव्हतं.

१६ मार्च, रविवार

अभ्यास. दादूस झोपलाय. तळहातांना भेगा पडल्यात त्याच्या, खडी उचलून. व्हॅसलीन लावायला दिलं तर म्हणतो, "मी काय बाईमानूस हाय?" झोपल्यावर आईनं लावलं.

९ एप्रिल, बुधवार

उद्या प्रॅक्टिकल. लेखी सगळे बरे गेले, खरंच बरे. प्रॅक्टिकल तर माझंच. सरोजिनी बाई म्हणाल्या, तुझी काळजी नाही. त्यांनी असं म्हटलं की मला जास्त भीती वाटते.

हत्यारं उकळून पुसून ठेवली. झोप येत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

काय लिहू?

पहाटे चारला जाग आली. आई कोळंबी सोलायला बसली होती. वाशीच्या बायकांना सोललेलीच लागते, रोज पहाटे आम्ही दोघी सोलतो. मी जाऊन बसले. आई म्हणाली, "आज तू हात नको लावू. परीक्षा हाय ना तुजी?" पण माझे हात कापत होते! दोन्ही. मला ते थांबवायचे होते. म्हटलं, थोडी सोलते, बरं वाटेल. आणि वाटलंही. डोकं मोडायचं, कवच ओढायचं, दोरा काढायचा, टोपात टाकायची. डोकं, कवच, दोरा, टोप. आई काहीतरी बोलत होती, मी हं हं करत होते. दीड-दोन तास. हात थांबले कापायचे. मन पण थांबलं. इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं.

परीक्षेत चिठ्ठी उचलली. कोळंबी — मज्जासंस्था! बाईंनी लांबून डोळ्यानंच हसून बघितलं. एक्स्टर्नल एक उंच, वयस्कर सर होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, प्रत्येकाला एकच नग, दुसरा मिळणार नाही. ताजी होती, आजच्या बाजाराची. तोच वास. मी ट्रे पुढे ओढला, कोळंबी हातात घेतली —

आणि डोकं मोडलं.

मी ठरवलं नाही. मी विचारसुद्धा केला नाही. अंगठा आणि बोट, एक पीळ, आणि डावीकडे डोकं, उजवीकडे धड. टाकायला टोप शोधत होते! टोप नाही, मेणाचा ट्रे. तेव्हा कळलं.

शेजारच्या टेबलावर वैजयंती कोळंबी उताणी धरून कवच कापत होती, काट्यापासून लांब. एक्स्टर्नल सर फिरत आले. "हे काय केलंत?"

"सवय, सर."

"कसली सवय?"

"आम्ही घरी रोज सोलतो, सर."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अहो, ही परीक्षा आहे, कालवण नव्हे." मग मी धडातला धागा नीट काढला, गाठी सगळ्या दाखवल्या, खाली काळा कागद सरकवला. डोक्यातली अंगठी फाटलेली. पीळ बरोबर तिच्यावरच बसला होता. स्लाइडी सगळ्या ओळखल्या, तोंडी पण चांगलं झालं. काय उपयोग.

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही बघितलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

हात साबणानं पाच वेळा धुतले. कशाला, माहीत नाही.

१३ एप्रिल, रविवार

सांगितलं घरी. दादूस आलाच होता. आधी नीट समजलं नाही त्याला. मग मी हातानं करून दाखवलं, असा पीळ दिला, तेव्हा समजलं, आणि तो हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "परीक्षेन... डोका मोरलास!" मी ताट सरकवून उठले. मग त्यानं डोळे पुसले. "आता काय व्हील?" मी म्हटलं, फर्स्ट क्लास गेला असेल बहुतेक. तो चप्पल घालून बाहेर गेला, तो रात्रीच्या जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही. हसायला मोठा शूर!

आई संध्याकाळी चूल पेटवताना म्हणाली, "मी तुला बोललू व्हतू, हात नको लावू." मग डोळ्यांना पदर. म्हणाली धूर आहे.

१४ एप्रिल, सोमवार

पहाटे उठून बघते तर आई कोळंबी घेऊन मागच्या दारी बसलेली. मी बसायला गेले तर पाटी उचलून बाजूला ठेवली. "तू नको." मी म्हटलं, आता कसली परीक्षा? "नको बोललू ना."

९ मे, शुक्रवार

महिना झाला. आई मला कोळंबीला हात लावू देत नाही. विळीलासुद्धा. चार वाजता जाग येते, सवयीनं. पडल्या पडल्या कवचं फुटल्याचा आवाज ऐकते. त्या वेळी आई बोलायची. बाबांचं, मिठागराचं, तिच्या माहेरचं, कोण कुणाशी पळून गेलं. दिवसभर न बोलणारी बाई पहाटेच बोलायची. आता एकटीच बसते, आणि गप्प.

खिडकीसाठी झुरत होते तेव्हा वाटायचं, एवढं एक मिळालं की पुरे. हे दुसरं आपल्याकडे आहे हे कुठं माहीत होतं?

दुपारी कधी कधी काचेचे दोन तुकडे घेऊन बसते. घोटभर चहा शिल्लक ठेवते, त्याचा थेंब घेऊन ओढून बघते, त्या मुलीनं ओढला तसा. चहा नीट ओढला जात नाही. रक्त दाट असणार.

२० जून, शुक्रवार

निकाल. सेकंड क्लास. लेखीत साठच्या वर सगळीकडे. प्रॅक्टिकलमध्ये गेले. एकूण अकरा मार्कांनी फर्स्ट क्लास गेला.

वैजयंतीला फर्स्ट. मला मिठी मारून तीच रडली. मला हसूच आलं.

२४ जून, मंगळवार

तरी फॉर्म भरला होता. यादी लागली. वैजयंती आहे, मी नाही. वेटिंगलाही नाही.

कॉलेजात लीव्हिंग सर्टिफिकेट घ्यायला गेले होते. सरोजिनी बाईंनी खुर्चीवर बसवलं. विद्यार्थ्यांना त्या कधी बसवत नाहीत. म्हणाल्या, मी चौकशी केलीय, दोन जागा प्रकल्पग्रस्तांसाठी आहेत, एक अजून रिकामी. तुमच्या जमिनी गेल्यात ना? दाखला आहे घरी? मी म्हटलं, आहे, भावाच्या नावावर. बाई म्हणाल्या, घरच्यांची संमती असली तर नाव बदलून मिळतं, कचेरीत अर्ज द्यावा लागेल. चार जुलै शेवटची तारीख. "आजच विचार भावाला."

बसमध्ये पूर्ण वेळ तेच डोक्यात. रिकामी आहे! एक जागा, त्या लांब टेबलापाशी, रिकामी! तळवली येईपर्यंत माझं त्या टेबलापाशी बसून तीन रुग्णांचं रक्त तपासून झालं होतं.

मग नाक्यावर उतरले. किसनच्या कंपनीची बस उभी होती. निळे युनिफॉर्म चढत होते. आणि मला दादूसचा तो हेल्मेट घातलेला चेहरा आठवला.

नाही विचारणार.

२८ जून, शनिवार

दादूस आला. चिखलानं भरलेला, खोकतोय. जेवताना म्हणाला, "यादी लागली ना? बाई काय बोलल्या?"

मी म्हटलं, काही नाही.

"कायच नाय?"

"कायच नाय."

माझ्याकडे बघत राहिला. मी आमटी वाढली. मला वाटलं होतं, नाही विचारलं की आपण मोठं काहीतरी केल्यासारखं वाटेल. नाही वाटत. फक्त राग येतो. त्याचा येतो, किसनचा येतो, त्या उंच सरांचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझ्या अंगठ्याचा. मला ती जागा पाहिजे. अजून पाहिजे. हे इथं तरी लिहू दे.

३० जून, सोमवार

दादूस पहाटे गेला. आई म्हणाली, "पोरगी वाशीला शाळेन लागंल नाय?" शेजारणीला विचारत होती. शाळेत शिकवायचं म्हणे. बघू.

२ जुलै, बुधवार

दादूस आठवड्याच्या मधेच घरी! दुपारी तीनला दारात उभा. काय झालं म्हणून आई घाबरली. तर हा कामावर खाडा करून ठाण्याला गेला होता! कॉलेजात! सरोजिनी बाईंना शोधून काढलं, त्या चिखलाच्या बुटांनी त्यांच्या खोलीत उभा राहिला असेल. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काशी, मना खोटा बोलतंस?" इतका ओरडला की शेजारची दुर्गाबाई डोकावली. "बाई बोलल्या न जागा हाय म्हनून! कायच नाय बोलतंस?"

मीही ओरडले. म्हटलं, कशाला सांगू? दाखला तुझा आहे! तू दोन वर्षं कॉलची वाट बघतोयस. तुझं घेऊन मी तिथं जाऊन बसू? मला नको तसली जागा! — नको म्हणताना आवाज फुटला. कुणालाही कळलं असतं खोटं आहे ते.

त्यानं पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, दोऱ्यानं बांधलेली. माझ्यापुढं टाकली. "उद्या जा हे घेऊन."

"तुझ्या नावाचा दाखला माझ्या काय कामाचा? नाव बदलायला पंधरा दिवस लागतात. परवा शेवटची तारीख आहे."

"तू घेऊन त जा. आगाऊपना नको."

जेवलाही नाही. शेवटच्या बसनं परत गेला. जाताना आईला म्हणाला, "मार्कांव गेली असती त बरा झाला असता." मला ऐकू आलं. म्हणजे अजून मनात तेच! मग देतोस कशाला? जाईन आणि बाईंना परत नेऊन दाखवीन, की बघा, उपयोग नाही. म्हणजे हा विषय संपेल एकदाचा.

३ जुलै, गुरुवार

बसमध्ये दोरा सोडला. दाखला मी आजवर उघडून बघितलाच नव्हता.

नाव — कु. काशी नामा भोईर. जमीनमालकाशी नातं — मुलगी. अर्जदाराची सही — गोटीराम नामा भोईर. तारीख — ७ ऑगस्ट १९८४.

चौऱ्याऐंशी! मी तेव्हा एस.वाय.ला होते.

मग दोन वर्षं दादूस कुठल्या कॉलची वाट बघत होता?